ड्रंक अँड ड्राईव्हची केस लागली, दहा हजार भरले की विषय संपतो का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. शनिवारी मित्राबरोबर गंगापूर धरणाकडच्या वायनरीत गेलात, दोन ग्लास वाईन झाली, जेवण झालं, येताना रात्री अकराच्या सुमारास गंगापूर रोडला नाकाबंदीत थांबवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि रीडिंग ५८ आलं. लायसन्स घेऊन पावती दिली, गाडी मित्राच्या भावाला बोलावून त्याच्या ताब्यात दिली आणि तुम्हाला कोर्टात हजर राहायची नोटीस मिळाली. आता एक एजंट म्हणतोय बारा हजार द्या, दहा दंडाचे दोन माझे, एका तारखेत मोकळे. आणि तुमचं म्हणणं की खोकल्याचं औषध घेतलं होतं त्यामुळे तर रीडिंग आलं नसेल ना, लायसन्स कधी मिळेल, आणि पुढच्या वर्षी कंपनी जर्मनीला पाठवणार आहे तर पासपोर्टचं काय.

मी नाशिकच्या कोर्टात बावीस वर्षं फौजदारी आणि अपघात नुकसानभरपाईच्या केसेस चालवतोय, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ च्या, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याच्या, केसेस दोन्ही बाजूंनी बघितल्यात. तुम्ही विचारताय दंडाबद्दल, पण तुमचा खरा प्रश्न दंडाचा नाहीये. तुम्ही त्या तारखेला उभं राहून "गुन्हा कबूल" म्हणणार का, हा प्रश्न आहे, आणि तो निर्णय तुम्ही एका एजंटवर सोडताय.

आधी मूळ गोष्ट. सिग्नल तोडला, सीटबेल्ट नाही, अशी चलनं मोबाईलवर भरून टाकता येतात कारण त्या गुन्ह्यांत तडजोड करायची मुभा मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये दिलेली आहे. १८५ त्या यादीत नाही. म्हणजे ट्रॅफिक पोलीस दंड घेऊन तुम्हाला सोडू शकत नाही, केस मॅजिस्ट्रेटसमोरच जाते आणि निकाल हा फौजदारी कोर्टाचा निकाल असतो. लोकअदालतमध्ये निम्म्यात मिटेल असंही कोणी सांगेल, तर तेही चुकीचं, तडजोड न होणारा गुन्हा लोकअदालत मिटवू शकत नाही, तिथं जाऊन तुम्ही जे कराल ते कबुली देणंच असेल. शिक्षा पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंड दोन हजार होता आणि दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत झाला तरच "दुसरा" धरायचे. २०१९ च्या दुरुस्तीनं ती तीन वर्षांची अट काढून टाकली. म्हणजे आज दिलेली कबुली दहा वर्षांनीही तुमच्या विरोधात पहिला गुन्हा म्हणून उभी राहू शकते, हे एजंट सांगत नाही.

गुन्हा जामीनपात्र आहे त्यामुळे तुरुंगात जाईन की काय ही भीती पहिल्या तारखेला डोक्यातून काढा. पहिलाच गुन्हा, अपघात नाही, कोणाशी हुज्जत नाही, अशा केसमध्ये माझ्या अनुभवात कोर्ट बहुतेक वेळा दंडावर थांबतं. पण "बहुतेक" म्हणतोय मी, हमी देत नाहीये. रीडिंग किती, पोलिसांशी कसे वागलात, गाडीत लहान मुलं होती का, यावर फरक पडतो.

आता त्या ५८ बद्दल, कारण इथंच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ असतो. कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. हे खूप कमी आहे आणि ते कमी ठेवलंय तेच बरोबर आहे. साधा हिशोब करा. वाईनचा १५० मिलिचा एक ग्लास, साडेबारा टक्क्यांची वाईन, म्हणजे साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्यानं जवळपास ३१ मिलिग्रॅमपर्यंत जातं. एका ग्लासात तुम्ही काठावर आलात! ६० मिलि व्हिस्कीनं चाळीसच्या वर, आणि स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली ८० च्या पुढे नेऊ शकते. बायकांमध्ये किंवा कमी वजनाच्या माणसात आकडा अजून वर जातो, पोटभर जेवण असेल तर थोडा खाली राहतो, पण थोडाच. उतरायचा वेग म्हणाल तर तासाला अंदाजे १५ मिलिग्रॅम, आणि कॉफी, ताक, लिंबू सरबत, वेलची, पान यांनी त्या वेगात काहीही फरक पडत नाही, तोंडाचा वास जाईल फार तर. तुम्ही दोन ग्लास म्हणताय, पण मला वाटतं दोघांत एक बाटली होती. अर्धी बाटली म्हणजे ३७५ मिलि, त्याचे साधारण ७८, आणि दीड तास गेला की पंचावन्नच्या आसपास. तुमचं रीडिंग अगदी तिथंच आहे. हे तुम्हाला अडकवायला सांगत नाहीये, मशीन खराब होतं असा बचाव घ्यायच्या आधी हा हिशोब तुम्ही स्वतःशी प्रामाणिकपणे करावा म्हणून सांगतोय, कारण सरकारी वकीलही तो करू शकतात.

खोकल्याच्या औषधाचं उत्तर पण यातच आहे. काही सिरपमध्ये अल्कोहोल असतं, आसव-अरिष्टांमध्ये तर आंबवल्यामुळे आपोआप तयार होतं, पण दोन चमचे औषधात एक-दोन ग्रॅमच्या वर अल्कोहोल जात नाही, त्यानं रक्तात ५८ येत नाही. त्या औषधानं होऊ शकतं ते वेगळं, औषध किंवा माउथवॉश घेतल्यावर लगेच फुंकलं तर तोंडातच राहिलेलं अल्कोहोल मशीन पकडतं आणि आकडा फुगतो, हा परिणाम पंधरा मिनिटांत जातो. म्हणून प्रश्न असा की तुम्ही औषध कधी घेतलं, टेस्टच्या आधी पाच मिनिटं की जेवणानंतर तासभर आधी, आणि पंधरा मिनिटं थांबवून दुसऱ्यांदा फुंकायला लावलं का. दुसरं रीडिंग असेल तर दोन्ही स्लिप बघाव्या लागतील. औषध खरंच लगेच आधी घेतलं असेल आणि टेस्ट एकदाच झाली असेल तर त्यात मुद्दा आहे. नसेल तर नाही.

कागदात मी काय बघतो ते सांगतो म्हणजे तुम्ही तुमच्या वकिलाला तेच विचाराल. पहिली गोष्ट मशीनची स्लिप, तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा नंबर, तुमचं नाव आणि सही आहे का, आणि स्लिपवरची वेळ आणि फिर्यादीतली वेळ जुळते का. मशीनच्या कॅलिब्रेशनचा कागद केसमध्ये जोडलाय का. मग अटक दाखवलीय का, कारण १८५ मध्ये अटक केली तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर सोडावं लागतं. सिव्हिलला नेऊन रक्त घेतलं असेल तर सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं, आपल्याकडे नाशिकलाच प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे त्यामुळे सँपल लांब जात नाही, पण रिपोर्टला वेळ लागतोच. रक्त घेताना कातडी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलेली नको, बाटलीत सोडियम फ्लोराईड हवं, सील हवं, हे मुद्दे उलटतपासणीत खरंच चालतात. आणि शेवटी, तुम्ही गाडी "चालवत होतात" हे सिद्ध होतंय का. कायद्यात शब्द आहेत चालवताना किंवा चालवायचा प्रयत्न करताना. बंद गाडीत मागच्या सीटवर झोपलेल्या माणसावर १८५ लागत नाही, एका केसमध्ये मी हेच दाखवून माझ्या पक्षकाराला सोडवलंय, तो खरंच झोपला होता आणि ड्रायव्हर जेवायला गेला होता. तुमची केस तशी नाही, तुम्ही स्टिअरिंगवर होतात.

काही जण सांगतात की फुंकायलाच नकार द्यायचा, पुरावाच नाही राहणार. हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नकार दिला आणि पोलिसाला संशयाला जागा असेल तर तो त्याच कारणावरून अटक करू शकतो, रक्त मागू शकतो, आणि कलम २०५ खाली तुमचा विनाकारण नकार हाच सरकारी पक्षाला बळ देणारा मुद्दा धरला जातो. नुसत्या तोंडाच्या वासावर आणि लाल डोळ्यांवर दारू पिऊन होता असं ठरवता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं १९७१ मध्येच सांगितलेलं आहे, खरं आहे ते, पण त्या निकालाच्या भरवशावर रस्त्यात हुज्जत घालणारी माणसं मी पाहिलीत आणि त्यांच्यावर मग सरकारी कामात अडथळ्याचं कलमही लागलेलं पाहिलंय. दहा हजारांच्या केसची मग दोन-तीन वर्षांची केस होते.

दारूचं परमिट आहे म्हणूनही काही होत नाही. परमिट पिण्याचं असतं, पिऊन गाडी चालवण्याचं नसतं.

तर कबूल करायचं की लढायचं. माझं मत स्पष्ट सांगतो. स्लिप व्यवस्थित आहे, दोन रीडिंग आहेत, तुम्ही खरंच प्यायला होतात, तर लढण्यात मला अर्थ वाटत नाही आणि मी पक्षकाराला तसंच सांगतो, जरी त्यात माझी फी कमी होत असली तरी. पण कबूल करायचं ते सगळं समजून, कागदाच्या नकला घेऊन, स्वतः उभं राहून. मॅजिस्ट्रेट तुम्हाला आरोप समजावून सांगतात, तुम्ही जे बोलाल ते शक्यतो तुमच्याच शब्दांत लिहून घेतात, आणि एकदा कबुलीवर शिक्षा झाली की अपिलात मी गुन्हाच केला नव्हता असं म्हणता येत नाही, फक्त शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही एवढंच म्हणता येतं. तो दरवाजा बंद होतो. म्हणून पहिल्या तारखेला घाई नको, वकीलपत्र दाखल करा, कागद मागा, पुढची तारीख घ्या. कबूल करायचं ठरलं तर पहिला गुन्हा, घरी कोण अवलंबून, नोकरी, हे सांगून सौम्य शिक्षेची विनंती करता येते, परिविक्षा कायद्याचा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, फायदा पण मागता येतो, द्यायचा की नाही हा कोर्टाचा अधिकार. आणि एजंटला कोर्टात उभं राहायचा अधिकारच नाही, त्याचे दोन हजार कशाचे ते त्यालाच विचारा. "आत सेटिंग आहे" म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, दारू पिऊन गाडी चालवली ही एक चूक झाली, तिच्यावर लाच दिल्याची दुसरी चढवू नका.

लायसन्सबद्दल लोकांना वाटतं दंड भरला की कोर्टातून लायसन्स हातात. इथं दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात. एक आरटीओची. पोलिसांनी जप्त केलेलं लायसन्स २०१९ नंतरच्या नियमाप्रमाणे ते आरटीओकडे पाठवतात, म्हणजे तुमच्या बाबतीत पेठ रोडला. तिथून तुम्हाला म्हणणं मांडायची नोटीस यायला हवी, आणि त्यांचं समाधान झालं की गुन्हा झालाय तर पहिल्या वेळी ३ महिने अपात्र, दुसऱ्यांदा लायसन्स थेट रद्द. परत मिळायच्या आधी रिफ्रेशर ट्रेनिंगही करावं लागतं. ऑर्डर चुकीची वाटली तर ३० दिवसांत अपील आहे. ती नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते, तुम्ही सिडकोतून पाथर्डी फाट्याला राहायला आलात आणि पत्ता बदलला नसेल तर नोटीस जुन्या घरी पडून राहील आणि तुमच्या माघारी ऑर्डर होईल, असं होताना मी पाहिलंय, तेव्हा स्वतः जाऊन चौकशी करा. दुसरी वाट कोर्टाची. कलम २० मध्ये लिहिलंय की १८५ मध्ये दोषी ठरवलं तर कोर्ट अपात्र ठरवेल आणि ती मुदत ६ महिन्यांपेक्षा कमी नसेल. नुसता दंड करून सोडल्याच्या ऑर्डरीही मी पाहिल्यात, पण कायदा काय म्हणतो हे माहीत नसताना कबूल करून मग "साहेब माझं तर रोजचं काम गाडीवर आहे" म्हणून रडणारा सेल्समनही माझ्याच ऑफिसात बसलेला पाहिलाय. अपात्र असताना गाडी चालवली तर तो वेगळा गुन्हा, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही.

पासपोर्टचं गणित लोकांना उलटं वाटतं. पासपोर्टला जास्त आडवी येते ती चालू असलेली केस. फौजदारी कोर्टात केस प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, मग त्याच कोर्टातून परवानगीची ऑर्डर आणावी लागते आणि ऑर्डरमध्ये मुदत लिहिलेली नसेल तर साधारण एका वर्षाचाच पासपोर्ट मिळतो. उलट दोषी ठरल्यामुळे पासपोर्ट अडतो तो नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तर, नुसत्या दंडाच्या शिक्षेनं ते होत नाही. म्हणून तुमच्यासारख्या माणसानं केस दोन वर्षं लोंबकळत ठेवण्यापेक्षा लवकर संपवण्याचा विचार करावा असं मला वाटतं. व्हिसाच्या किंवा कंपनीच्या फॉर्ममध्ये प्रश्न काय विचारलाय तो शब्दन् शब्द वाचा, अटक झाली होती का, केस चालू आहे का, दोषी ठरलात का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या आणि ऑर्डरची प्रमाणित प्रत जवळ ठेवा. दंडाच्या ऑर्डरपायी नोकरी गेलेला माणूस माझ्याकडे फारसा आला नाही, पण लपवलं म्हणून गेलेले आलेत.

तुमच्या बरोबर जो मित्र होता त्यानंही हे वाचावं. कलम १८८ मध्ये या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. शेजारी बसलेल्या प्रत्येकावर ते लागतं असं नाही, पण तू चालव रे काही होत नाही म्हणत ज्यानं चावी हातात दिली त्याच्यावर लागू शकतं. आणि गाडी त्याची असेल तर विम्याचा प्रश्नही त्याचाच.

विम्याचं थोडं सविस्तर सांगतो कारण माझं अर्धं काम तिथलं आहे. दारू पिऊन चालवताना गाडीचं नुकसान झालं तर स्वतःच्या गाडीचा क्लेम पॉलिसीतल्या अटीवरच नाकारला जातो. टेस्ट झाली नव्हती म्हणून सुटू असंही नाही, दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये झालेल्या एका अपघाताच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०२१ ला सांगितलं की टेस्ट नसली तरी विमा कंपनी दुसऱ्या पुराव्यानं दारू सिद्ध करू शकते. समोरच्याला इजा झाली तर थर्ड पार्टी विम्यातही कंपनीला आता कलम १५० मध्ये दारूचा बचाव घेता येतो. कोर्ट बऱ्याचदा कंपनीला म्हणतं आधी त्या कुटुंबाला पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. ही वसुली म्हणजे काय ते मी सिन्नरकडच्या एका केसमध्ये बघितलं. दुसरी शिफ्ट संपवून सायकलवर घरी निघालेला कामगार गेला, मी त्याच्या बायकोचा वकील होतो. ती प्रत्येक तारखेला लहान पोरीला घेऊन यायची, एकदाही चुकली नाही. गाडी चालवणारा मुलगा पंचविशीतला, वाढदिवसाहून परत येत होता. निकालानंतर वसुली निघाली ती त्याच्या वडिलांवर, गाडी त्यांच्या नावावर होती, आणि त्या माणसानं सव्वा एकर द्राक्षबाग विकली. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात दोन्ही घरं रडत होती आणि मला कोणाशीच काही बोलता आलं नाही.

फौजदारी बाजूनं बघितलं तर अशा अपघातात मृत्यू झाला की १८५ हे सगळ्यात लहान कलम उरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यूला आता ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आधी आयपीसीत २ होती. आणि दारू पिऊन असं चालवलं की माणूस मरू शकतो हे माहीत असणारच, असं कोर्टाला वाटलं तर सदोष मनुष्यवध. वांद्र्याला कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१२ ला सदोष मनुष्यवधच कायम ठेवला. तो ड्रायव्हरही पार्टीहूनच परत येत होता. तुम्हाला नाकाबंदीत अडवलं ते गंगापूर रोडला, त्याच रस्त्यावर पुढे रात्री उशिरा सायकलवर, पायी जाणारी माणसं असतात. मला तुमच्या केसचं वाईट वाटत नाही, तुम्ही थांबवले गेलात याचं बरं वाटतं, आणि हे मी तुम्हाला लागेल असं माहीत असून लिहितोय.

आता लगेच करायचं एक काम. पोलिसांनी दिलेल्या त्या पावतीकडे बघा. एजंट किंवा मित्र म्हणतील पावती आहे ना, मग चालव गाडी. इतर काही केसेसमध्ये पावतीवर गाडी चालवता येते, पण १८५ मध्ये जप्त झालेल्या लायसन्सच्या पावतीवर चालवता येत नाही, कलम २०६ मध्येच तसं लिहिलंय, लायसन्स परत हातात येईपर्यंत नाही. म्हणजे अंबडला कंपनीतसुद्धा बस किंवा कोणाबरोबर तरी जायचं, बाईक पण नाही. तारखेच्या दिवशी सीबीएसला बसनं उतरा, कोर्ट तिथून चालत आहे, आणि साडेदहाला पोचा, पुकारा झाला आणि तुम्ही नसलात तर वॉरंट निघू शकतं. नोटीस, पावती, स्लिपची प्रत, आधार आणि औषधाचं बिल असेल तर ते, एवढं बरोबर आणा.